चष्म्याशिवाय मोबाइल वाचता येऊ लागलाय? आधी शुगर तपासा

ऐरोलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. वय ५४, आयटीत नोकरी, दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर. शुगर ‘बॉर्डरलाइन’, गोळी चालू नाही. वडिलांना काचबिंदू होता. गेल्या काही महिन्यांपासून रोज गाजर-आवळ्याचा रस, पहाटे त्राटक, त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणं आणि गवतावर अनवाणी चालणं सुरू आहे. आता मोबाइल चष्म्याशिवाय वाचता येतो. लांबच्या पाट्या मात्र किंचित धूसर दिसतात, पण ‘ती हवेतली धूळ असावी’. हे नेटाने चालू ठेवलं तर चष्मा पूर्ण सुटेल का, आणि वय वाढेल तशी नजर नैसर्गिक उपायांनी आणखी सुधारता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी ठाण्यात, नौपाड्यात बरीच वर्षं डोळ्यांची डॉक्टर म्हणून काम करते. ‘मॅडम, नंबर उतरला!’ असं खुशीत सांगणारे पन्नाशीपुढचे पेशंट मला नवे नाहीत. त्यांचं अभिनंदन करण्याआधी मी शुगरचा रिपोर्ट मागते. तुमच्या बाबतीतही चष्मा सुटेल का, यापेक्षा या काही महिन्यांत तुमच्या डोळ्यांत नेमकं काय बदललं, हे मला आधी बघावंसं वाटतं. आणि ‘धूळ असावी’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला सगळ्यात जास्त तेच खटकलं.

आधी चाळिशी का लागते ते बघू. बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. त्याच्याभोवतीचा स्नायू आकसला की भिंग फुगतं आणि जवळचं स्पष्ट दिसतं. हे भिंग वयाबरोबर घट्ट होत जातं, शहाळ्यातल्या मलईचं खोबरं व्हावं तसं. स्नायू बिचारा आपलं काम करत असतो, भिंगच वाकत नाही. म्हणून डोळे गरगर फिरवणं, अंगठ्याकडे आणि मग लांब बघणं अशा व्यायामांनी चाळिशी परत फिरत नाही. दुखणं स्नायूचं नाहीच, तर स्नायूला व्यायाम देऊन काय होणार? हे व्यायाम आपल्याकडे योगाच्या नावाने फिरतात खरे, पण तळवे डोळ्यांवर ठेवणं, चष्मा फेकून देणं या प्रकाराचा बराचसा प्रचार १९२०च्या सुमारास अमेरिकेतल्या विल्यम बेट्स या डोळ्यांच्या डॉक्टरने केला. डोळ्याच्या बाहेरचे स्नायू डोळ्याचा आकार बदलतात आणि त्यातून नजर जुळते, अशी त्याची कल्पना होती. ती चुकीची ठरून फार काळ लोटला, व्हिडिओ मात्र अजून तयार होत असतात.

ज्यांना लांबचा नंबर नाही, त्यांना चाळिशीच्या मध्याला साधारण अधिक एकचा चष्मा लागतो, साठीपर्यंत तो अधिक अडीचच्या आसपास जातो आणि तिथे बहुतेक थांबतो. चष्मा लावलात म्हणून तो लवकर वाढत नाही आणि न लावता डोळे ताणलेत म्हणून थांबत नाही. स्टेशनबाहेर मिळतो तो तयार चष्माही, दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि तिरका नंबर नसेल, तर डोळे बिघडवत नाही.

मग चोपन्नाव्या वर्षी चष्म्याशिवाय मोबाइल कसा दिसू लागला? माझ्या अनुभवात याची दोन कारणं वारंवार सापडतात आणि दोन्हीत जवळचं सुधारताना लांबचं बिघडतं.

पहिलं कारण शुगर. रक्तातली साखर चढली की भिंगात पाणी शिरतं, ते सुजतं आणि डोळा उणे नंबरकडे सरकतो. अधिक दीडचा जवळचा चष्मा असलेल्याला एकदम चष्म्याविना वाचता येऊ लागतं आणि स्टेशनवरचा इंडिकेटर पुसट होतो. उपचार सुरू होऊन साखर खाली आली की नंबर उलट दिशेला जातो आणि पेशंट तक्रार करतो की गोळ्यांनी नजर गेली. म्हणून साखर वर-खाली होत असताना मी नवा चष्मा देत नाही. ती स्थिर झाल्यावर चार-सहा आठवडे थांबायला सांगते, नाहीतर चष्म्याचे पैसे वाया जातात. ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द तुम्ही किती दिवसांपूर्वीच्या रिपोर्टवरून वापरताय, ते लिहिलेलं नाही. रोज पेलाभर रस पिताय, तर उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) याच आठवड्यात करून घ्या.

दुसरं कारण मोतीबिंदूची सुरुवात. मोतीबिंदूच्या एका प्रकारात भिंगाचा गाभा दाट आणि पिवळसर होत जातो. त्याची प्रकाश वळवण्याची ताकद वाढते, म्हणजे डोळ्याला आतूनच उणे नंबर लागतो. सत्तरीतल्या आजी चष्म्याविना सुईत दोरा ओवू लागतात आणि घरात कौतुक होतं, त्यामागे बहुधा हेच असतं. काही महिने किंवा वर्ष-दोन वर्षं ही सोय टिकते, मग जवळचंही धूसर होतं. चोपन्न हे वय त्यासाठी थोडं लवकरचं आहे, पण मधुमेह असेल किंवा दमा-सांधेदुखीसाठी स्टिरॉइड घेतलं असेल, तर अशक्य नाही.

निरुपद्रवी कारणंही आहेत, ती लपवत नाही. तुम्हाला आधीपासून लांबचा उणे दोनच्या आसपास नंबर असेल, तर चष्मा काढून वाचता येणं अगदी स्वाभाविक आहे. तसे लोक आयुष्यभर तेच करतात. मोबाइलवर अक्षरं मोठी केली असतील, किंवा भर उजेडात बाहुली बारीक होऊन जवळचं बरं दिसत असेल. तुमचा जुना नंबर मला माहीत नाही, त्यामुळे इथे बसून निदान करणार नाही. तोवर घरच्या घरी एवढं करा. ऐरोली स्टेशनवर रोज जिथे उभे राहता तिथून एक डोळा तळव्याने झाकून इंडिकेटर वाचा, मग दुसरा झाकून. बोटांनी डोळा दाबू नका, नाहीतर तो उगाच मिनिटभर धूसर दिसतो. धूळ दोन्ही डोळ्यांना सारखीच लागते. एका डोळ्याने स्पष्ट आणि दुसऱ्याने पुसट दिसत असेल, तर कारण हवेत नाही.

आता वडिलांचा काचबिंदू. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सर्वात महत्त्वाची माहिती हीच आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. त्याच्या नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते. नजर कडेने जाते आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून कळत नाही. उजवीकडून आलेली रिक्षा दिसली नाही, जिन्याच्या कठड्याला खांदा आपटला, असं व्हायला लागतं तेव्हा बरंच नुकसान झालेलं असतं. गेलेली नजर कुठल्याही औषधाने, शस्त्रक्रियेने किंवा रसाने परत येत नाही. उरलेली मात्र साध्या थेंबांनी वर्षानुवर्षं टिकवता येते.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून आलात म्हणजे ही तपासणी झाली असं नाही. डोळ्यातला दाब म्हणजे प्रेशर, काचबिंदूत खराब होणारी डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस आणि गरज पडली तर नजरेचा परीघ दाखवणारी फील्ड टेस्ट, एवढं व्हायला हवं. नुसतं प्रेशर पुरत नाही, कारण ते साधारण १० ते २१ या नेहमीच्या मर्यादेत असूनही नस खराब होणारे पेशंट असतात. आणि योगवर्गात शीर्षासन करत असाल, तर तपासणी होईपर्यंत बंद ठेवा. त्या अवस्थेत डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो. उलट चालणं, सायकल, पोहणं यांनी तो थोडा उतरतो.

तुमचे चालू उपाय पटकन बघते. गवतावर चालणं खुशाल चालू ठेवा. हिरव्या रंगाने नंबर जात नाही, पण रोज अर्धा तास चालण्याने शुगर आणि बीपी ताब्यात राहतं आणि त्याचा फायदा डोळ्याच्या आतल्या, मागच्या बाजूच्या पडद्याला (रेटिनाला) होतो. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, तेव्हा साखरेचे रिपोर्ट येईपर्यंत चपला घातलेल्या बऱ्या. त्राटकाने मन एकाग्र होत असेल तर करा, पण पापणी न मिटता बसल्याने डोळे कोरडे पडतात आणि तुमचे ते आधीच कोरडे असणार. सूर्यावर त्राटक कधीही नको, उगवत्या सूर्यावरही नको. पडद्याच्या बरोबर मध्यावर पडलेला भाजल्याचा डाग कायमचा राहू शकतो. त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणं मात्र आजच थांबवा. घरात भिजवलेलं, फडक्याने गाळलेलं पाणी निर्जंतुक नसतं. मध, गुलाबजल, कांद्याचा रस, एरंडेल यांनाही हेच लागू. बुबुळाला बुरशीचा संसर्ग झाला की महिनोन्महिने औषध चालतं आणि नंतरही पांढरा डाग राहू शकतो. त्रिफळा पोटात घ्यायचा की नाही, ते तुमच्या वैद्यांना विचारा, तो माझा प्रांत नाही.

राहिला गाजराचा रस. अ जीवनसत्त्व कमी असेल तर रातांधळेपणा येतो आणि ते दिल्यावर जातो, गाजराची कीर्ती त्यातून आली. ते पुरेसं असलेल्याने आणखी गाजर खाऊन नजर वाढत नाही, फार झालं तर तळवे पिवळे दिसतात. शुगर काठावर असलेल्या माणसाने रस प्यायचाच कशाला? चोथा गेला की उरते ती साखर. गाजर कोशिंबिरीत खा.

पडद्याच्या मध्यभागाला लागतं ते ल्युटीन आणि झियाझँथिन. ही पिवळी द्रव्यं शरीर स्वतः तयार करत नाही, खाण्यातूनच घ्यावी लागतात. ती हिरव्या पालेभाजीत भरपूर असतात: पालक, मेथी, शेवग्याचा पाला, माठ. वाटीभर शिजवलेल्या पालकात जेवढं ल्युटीन मिळतं, तेवढ्यासाठी लोक महागड्या गोळ्या घेतात. भाजीला तेलाची फोडणी हवीच, कारण ही द्रव्यं स्निग्धाशिवाय नीट शोषली जात नाहीत. नुसती उकडून खाणाऱ्यांना मी फोडणी द्यायला लावते आणि त्यांच्या घरचे माझ्यावर खूश होतात. अंड्याचा बलकही चांगला. मक्याच्या कणसात झियाझँथिन असतं, तेव्हा ठाण्याजवळच्या येऊरला पावसाळ्यात खाल्लेलं कणीस अगदीच वाया जात नाही. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा घ्या, पापलेट-सुरमईच्या भावाने कपाळावर आठ्या आणायची गरज नाही. रक्त पातळ करण्याचं वॉरफरिन चालू असेल तर मात्र पालेभाजी एकदम वाढवू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

गोळ्यांचं काय, हे कुणी ना कुणी विचारतंच. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने केलेल्या आणि २०१३ साली निकाल आलेल्या एआरईडीएस-२ या अभ्यासातून ठरलेल्या सूत्रात ल्युटीन १० मिलिग्रॅम, झियाझँथिन २ मिलिग्रॅम, क आणि ई जीवनसत्त्व, जस्त आणि तांबं असतं. वयामुळे पडद्याचा मध्य झिजण्याचा जो आजार आहे, तो मधल्या टप्प्यावर पोचलेल्यांना या गोळीने पुढे सरकण्याचा धोका साधारण पाव भागाने कमी होतो. निरोगी डोळ्यांना तिचा फायदा सिद्ध झालेला नाही, मोतीबिंदूही त्याने टळत नाही. जुन्या सूत्रातलं बीटा-कॅरोटीन धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवतं, म्हणून काढून टाकलं. गोळी ‘नैसर्गिक’ आहे म्हणून निर्धोक, असं नसतं. आणि सिगारेट ओढत असाल तर ती सोडा. मोतीबिंदू आणि पडद्याची झीज, दोन्हींचा धोका त्याने वाढतो. त्यापुढे बाकीचे सगळे उपाय फिके आहेत.

‘नजर सुधारेल का’ या प्रश्नाला माझ्याकडे एक खरंखुरं होकारार्थी उत्तर आहे: उजेड वाढवा. साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळं पडतं. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये समोरची इमारत हाताच्या अंतरावर, खिडकीला जाळी आणि जाळीवर वाळत टाकलेले कपडे. त्यात मधोमध एक ट्यूब लावून लोक पेपर वाचतात आणि नजर कमी झाली म्हणतात. वाचायच्या जागी खांद्याच्या मागून येणारा एक चांगला दिवा लावा. थेट डोळ्यांवर नको, पानावर पडू दे. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना गडद-फिकी पट्टी, न्हाणीघरात रात्रीचा छोटा दिवा, पांढऱ्या कपात काळा चहा, म्हणजे रंगांतल्या फरकाने कड उठून दिसते. घरी आई असतील तर त्यांच्यासाठी हे आधी करा. पडून मांडीचं हाड मोडण्यामागेही अपुरा उजेड असतोच.

स्क्रीनचा त्रास हा त्याहून वेगळा. स्क्रीनने नजर जात नाही, पण आपण पापण्या कमी आणि अर्धवट मिटतो, त्यात डोक्यावर एसीचा झोत. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, पाणी येतं, दिसणं मध्येच अंधुक होऊन पापणी मिटली की साफ होतं. मॉनिटर डोळ्यांच्या पातळीपेक्षा जरा खाली ठेवा, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. झोताची दिशा बदला. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब, वीस सेकंद बघा आणि त्या वेळात पापण्या पूर्ण मिटा. रात्री सोसवेल इतकं गरम फडकं मिटलेल्या डोळ्यांवर काही मिनिटं ठेवलं की पापण्यांतल्या तेलाच्या ग्रंथी मोकळ्या होतात. प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचं आणि जवळचं एकाच काचेत) असेल तर मॉनिटर बघायला हनुवटी वर करावी लागते आणि मान धरते. तुमच्या हाताच्या अंतराचा वेगळा कॉम्प्युटर चष्मा करून घ्या, माझ्या आयटीतल्या पेशंटना सगळ्यात जास्त आराम यानेच पडतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर जास्तीचे पैसे घालवू नका. २०२३ साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने या काचांवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलं नाही. उन्हात मात्र यूव्ही ४०० लिहिलेला गॉगल आणि टोपी हवी, विशेषतः दुचाकीवर.

थेंबांबद्दल दोनच गोष्टी. बाहुली बारीक करून काही तास जवळचं दाखवणारे थेंब निघाले आहेत. चष्मा घालवणारे म्हणून त्यांचा गाजावाजा झाला आणि सप्टेंबर २०२४मध्ये भारताच्या औषध नियामकाने अशा एका थेंबाची परवानगी स्थगित केली. ते भिंग तरुण करत नाहीत. दुसरं, लाल डोळ्यासाठी केमिस्टकडून स्वतःहून घेतलेल्या थेंबांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. डोळा लगेच पांढराशुभ्र होतो, म्हणून माणूस तेच महिनोन्महिने घालत राहतो. त्याने मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात. वडिलांना काचबिंदू असलेल्या माणसाने तर त्या वाटेला जाऊच नये.

काही लक्षणांत वाट बघायची नसते, त्याच दिवशी दाखवायचं. अचानक काळे ठिपके-जाळी वाढणं, डोळ्यात वीज चमकल्यासारखं होणं, कडेकडून पडदा सरकत येणं. डोळा लाल होऊन असह्य दुखणं, दिव्यांभोवती रंगीत कडी आणि उलटी. एका डोळ्याने खिडकीच्या ग्रिलचे उभे गज वाकडे दिसणं. गज महिन्यातून एकदा एकेक डोळा झाकून, ते स्पष्ट दिसतील असा चष्मा लावून बघत जा. एक मिनिटाचं काम आहे.

तर याच आठवड्यात रक्त तपासा आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मधुमेह निघाला तर पडद्याची तपासणी लगेच आणि पुढे दरवर्षी, दिसत कितीही छान असो. जाताना जुने नंबराचे कागद, सध्याचा चष्मा आणि चालू औषधांची यादी न्या, वडिलांचे कागद असतील तर तेही. जुने आणि नवे नंबर शेजारी ठेवले की तुमच्या मोबाइल-वाचनाचं कोडं बहुधा तिथेच सुटेल. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही, तेव्हा दुचाकी घेऊन जाऊ नका. गॉगल ठेवा, सोबत कुणाला तरी घ्या आणि त्या दिवशी ऑफिसला रजा टाका.